हरीनानांनी बटण वेळेवरच दाबलं होतं

हरीनानांचं तेरावं झाल्यावर आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीने हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. चेअरमन दामूशेठ बोलले. नानांनी बर्फाच्या गोदामावर एकतीस वर्षं नोकरी केली, कधी कोणाशी भांडले नाहीत, खाडीचं पाणी त्यांच्याइतकं कोणाला कळलं नाही, असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आयुष्यात एकदाच त्यांचा हात चुकला. पण चुकतो माणूस. आपण ते कधी मनात ठेवलं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या क्षणी उठून बोलायला हवं होतं. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ करत बसले.

ती चूक नानांची नव्हती. माझी होती. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे, आणि नानांनाही माहीत होतं. तिसऱ्या कोणाला आम्ही दोघांनी सांगितलं नाही. त्यांनी का सांगितलं नाही याचा मी अजून विचार करते. मी का सांगितलं नाही, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आमचं गाव आगरदांड्याच्या जवळ, खाडीच्या काठाला. समोर दिघी दिसते, फेरीबोट जाते-येते. माझे वडील इथल्या शाळेत मास्तर होते. आम्ही कोळी नव्हे, त्यामुळे पाण्याचं मला काही कळत नसे. लहानपणी जेट्टीवर जायचं ते फक्त नानांची काठी बघायला. काठी म्हणजे जेट्टीच्या शेवटच्या खांबाला ठोकलेली पंधरा फुटी पांढरी फळी. तिच्यावर नानांनी स्वतः तांबड्या रंगाने फूट आखले होते, आणि प्रत्येक फुटाचे चार भाग. पाणी किती चढलं ते त्या फळीवर बघायचं आणि वहीत लिहायचं, हा त्यांचा उद्योग. त्याचा त्यांना कोणी पगार देत नव्हतं. गोदामाचं काम सांभाळून दिवसातून चार वेळा ते जेट्टीच्या टोकाला जायचे, गुडघाभर पाण्यात पायरीवर उभे राहायचे आणि फळीकडे बघायचे.

"तीन लाटा बघायच्या," ते सांगायचे. "पयली खोटी, तिसरी घाईची. मधली घ्यायची."

पहिली खोटी का, असं मी एकदा विचारलं होतं. "आपन आलो म्हनून येते ती," ते म्हणाले. मला वाटतं, ही त्यांची थट्टा होती. त्यांच्या चेहऱ्यावरून थट्टा ओळखू येत नसे.

नाना शाळेत चौथीपर्यंत गेले होते. पण त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेतले होते, आणि नाना जगाचा हिशोब त्यातच करायचे. चहा पाऊण कप. भाकरीचे आधी चार तुकडे, मग खायला सुरुवात. उंबरठ्यापासून विहीर अडीचशे पावलं. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची, हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक असतं; आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला पाणी भरणार. नाना त्यावर आणखी वाऱ्याचा आणि महिन्याचा विचार करून पाव तास पुढे-मागे करायचे, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेला पाणी भरायचंच. होड्यांचे नाखवे खाडीत शिरण्याआधी त्यांना विचारायचे. खाडीच्या तोंडाशी वाळूची आडवी पट्टी आहे, पाणी कमी असेल तर होडी तिच्यावर चढते.

"नाना, पानी किती?"

"सव्वासात. अर्ध्या तासानं ये, सावकाश ये."

एवढंच बोलणं. पण ते ऐकल्याशिवाय कोणी पट्टी ओलांडत नसे.

त्यांना सरळ आकडा आवडत नसे. मी नोकरीला लागल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझं वय विचारलं.

"तेवीस, नाना."

"तेवीस म्हंजे? सव्वातेवीस का पावनेचोवीस?"

आतून यमुनाकाकी, त्यांच्या पत्नी, ओरडल्या, "तिला पेढा ठेवू तरी द्या हातातला! आल्या मानसाला मोजत बसतात."

"साडेतेवीस," मी हिशोब करून म्हटलं.

"मंग तसं सांग ना बाय. अर्धा वरीस कुठं टाकून आलीस?"

मी नवी मुंबईत एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं काम करत होते, शनिवार-रविवारी गावी यायचे. एका गणपतीत दामूशेठनी मला सोसायटीत बोलावलं. दुसऱ्या एका बंदरावर त्यांनी विजेचा बोर्ड पाहिला होता. लाल आकड्यांत पाण्याची उंची दिसते, चढतंय का उतरतंय ते बाणाने दिसतं. "आपल्याकडे होईल का, मॅडम?" मला गावात तोपर्यंत कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. मी होईल म्हटलं.

पाण्यात मापक यंत्र बसवणं खर्चाचं होतं. माझी कल्पना अशी होती की, भरती-ओहोटी गणितानेच काढायची. एका छोट्या यंत्रात प्रोग्रॅम घालायचा, पाणी पूर्ण भरलेलं असताना तो सुरू करायचा, आणि पुढे किती वेळ गेला ते मोजत त्याने पाण्याची उंची सांगत राहायचं. मात्र इथल्या खाडीचं गणित बसवायला इथल्या पाण्याच्या नोंदी हव्या होत्या. त्या एकाच माणसाकडे होत्या.

नानांनी अकरा वर्षांच्या वह्या गोणपाटात बांधून माझ्या स्कूटरवर ठेवल्या. परत कधी देशील, असंही विचारलं नाही. मी महिनाभर बसून त्यांचे सव्वा, साडे आणि पावणे दशांशात उतरवले. सव्वानऊचं ९.२५. पावणेदहाचं ९.७५. अकरा वर्षांत एका दिवसाचीही नोंद चुकलेली नव्हती. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी दोनच नोंदी होत्या, आणि समोर लिहिलं होतं, "दोन राहिल्या. कारण घरचे."

प्रोग्रॅम जुळू लागल्यावर मी त्यांना दाखवायला लॅपटॉप घेऊन गेले. यंत्र वेळ कसा मोजतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दर सहा मिनिटांनी, म्हणजे तासाच्या दहाव्या भागाने, ते पुढे सरकतं.

"दहाव्या का?"

"सोपं पडतं, नाना. शून्य पॉइंट एक."

ते उठले आणि अंगणातल्या झापातून नारळाच्या पातीची एक पट्टी फाडून आणली. ती दुमडली, पुन्हा दुमडली. उलगडून दाखवली: चार सारखे भाग. पुन्हा दुमडून आठ केले. मग नवी पट्टी माझ्या हातात दिली.

"आता हिचे धा कर. सारके."

मी प्रयत्न केला. अर्धी घडी घातली, मग त्या अर्ध्याच्या पाच करायला गेले. एक भाग मोठा झाला, एक लहान.

"उरतं बघ," नाना म्हणाले. "धाव्यात उरतं. पाव तासानं मोज ना तू."

"यंत्राला घडी घालावी लागत नाही, नाना," मी म्हटलं. मी हसले होते. तेव्हा काय गंमत वाटली ते आठवतं, आणि ते आठवलं की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. कारण ते म्हणत होते ते मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकले होते, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. कॉम्प्युटर अपूर्णांक साठवतो ते अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, असे भाग जोडूनच. अर्धा, पाव, पाऊण त्याच्यात तंतोतंत बसतात. दहावा भाग बसत नाही. कितीही घड्या घातल्या तरी जरासा उरतो किंवा जरासा जास्त होतो, आणि जागा संपली की कॉम्प्युटर तो तिथेच कापतो. मी हे एका म्हाताऱ्याच्या अंगणात, हातात पातीची पट्टी धरून ऐकलं आणि ओळखलं नाही.

नारळी पौर्णिमेला बोर्ड लागला. नारळ फोडला, दामूशेठनी भाषण केलं, माझा सत्कार झाला. जेट्टीला नवा रंग देताना नानांची फळी काढून टाकली होती. ती कुठे गेली ते मी विचारलं नाही. सत्काराला उत्तर देताना मी "स्थानिक नोंदींचा उपयोग झाला" असं म्हटलं. नानांचं नाव घ्यायचं राहून गेलं. ते मागे, बर्फाच्या पेट्यांवर बसले होते आणि टाळ्या वाजवत होते.

बोर्डाचं एक काम मात्र नानांकडेच राहिलं. वीज गेली की यंत्र बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. त्यासाठी पाणी पुरतं भरलेला क्षण ओळखून बटण दाबायचं. तो क्षण दुसऱ्या कोणाला ओळखता येत नव्हता. त्या भाद्रपदात वीज आठवड्यातून तीनदा जायची, आणि नाना तीनदा बटण दाबायचे. बोर्ड अचूक चालायचा. लोकांनी नानांना विचारणं हळूहळू सोडून दिलं. बोर्डाकडे बघून पुढे जायचे.

नानांना त्याचा राग होता असं मला दिसलं नाही. आकड्यांची मात्र ते मजा घ्यायचे. "सहा पॉइंट तीन म्हनतोय तुजा बोर्ड. मना सांग बाय, सव्वासहावर किती ते? पानी त्या पॉइंटावर थांबतं काय, का पुढं जातं?"

दसऱ्याला सोसायटीने सौर पॅनेल आणि बॅटरी बसवली. नानांनी शेवटचं बटण दाबलं, आणि त्यानंतर यंत्र बंद पडलंच नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

जानेवारीच्या सुरुवातीला मला ऑफिसमध्ये फोन आला. नाना फोन कानापासून लांब धरून बोलायचे, त्यामुळे ते खाडीपलीकडून बोलल्यासारखे ऐकू यायचे.

"बाय, तुजा बोर्ड पाठी पडलाय."

"किती?"

"पाव तासाच्या वर. पानी भरून उतराय लागतं, तरी ह्याचा बाण वरच."

मी म्हटलं, वाऱ्यामुळे होतं तसं. त्यांनी माझं ऐकून घेतलं. संक्रांतीनंतर मी गावी गेले तेव्हा मुद्दाम जेट्टीवर जाऊन बघितलं, तर बोर्ड अगदी बरोबर होता. मला विजय झाल्यासारखं वाटलं.

"बघा नाना, आहे की नाही बरोबर?"

नाना बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "तेच मना खटकतंय. मानूस चुकीचा उभा ऱ्हायला तर तितंच उभा ऱ्हातो. ह्यो चालतोय. पाठी होता, आता बरोबर हाय, उद्या पुढं जानार."

"तुमचं बटण एखादवेळी..."

"माजा हात चुकला असता बाय, तर पयल्या दिसापासून चुकला असता. तेवढाच. रोज."

ह्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं. कोणत्याही चांगल्या प्रोग्रॅमरने तिथेच कान टवकारले असते. मी संध्याकाळच्या बसची वेळ बघितली.

महाशिवरात्रीच्या आधी पुन्हा फोन. "आता अर्ध्या तासाच्या वर पुढं पळतोय. पानी यायच्या आधीच आलं म्हनतोय. बाय, हे वायट. पाठी होता तवा निदान कोनी फसत नव्हता." मी शनिवारी येऊन बघते म्हटलं. त्या शनिवारी ऑफिसात काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी माझ्या मैत्रिणीचं केळवण होतं. नाना दामूशेठकडेही गेले होते, असं पुढे कळलं. दामूशेठ म्हणाले होते, "नाना, तुमची काठी काढली म्हणून बोर्डावर राग काढू नका."

शिमग्याला बाहेरच्या होड्या घरी येतात. काशिनाथ नाखवाची होडी दुपारी खाडीच्या तोंडाशी आली. काशिनाथ तिशीतला, सगळं फोनवर करणारा. त्याने सोसायटीत फोन लावून बोर्ड किती दाखवतोय ते विचारलं. क्लार्कने खिडकीतून बघून सांगितलं, सहाच्या वर, बाण वर. त्याच्या होडीला पाच फूट पाणी लागतं. त्याने होडी आत घातली.

नाना गोदामात होते. इंजिनाचा आवाज ऐकून ते बाहेर आले आणि, लोक सांगतात, त्या वयात जेट्टीच्या टोकापर्यंत धावले. खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही हातांनी हलवू लागले. काशिनाथला वाटलं, नाना सणाला आलेल्यांचं स्वागत करतायत. त्यानेही हात हलवला.

पट्टीवर पाणी साडेतीन फूट होतं. होडी वाळूत घुसली, लाटेने आडवी झाली. काशिनाथचा धाकटा भाऊ भाल्या नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. तो आत फेकला गेला आणि जाळं ओढायच्या रहाटाखाली त्याचा पाय सापडला. गुडघा गेला. तो आता चालतो, पण होडीवर जात नाही.

चार दिवसांनी सोसायटीत बैठक झाली. मला मुंबईहून बोलावलं होतं. भाल्याची आई दारात बसून होती. दामूशेठ म्हणाले, "बोर्ड सव्वा तासानं पुढे होता. यंत्र सुरू कोणी केलं होतं?"

नाना उभे राहिले. त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता. "बटन मी दाबलं. दसऱ्याला. पानी पुरं होतं. तीन लाटा बघून दाबलं."

"सव्वा तास, नाना!" काशिनाथ ओरडला. "एक सांगा, नजर गेली म्हणून सांगा. माझा भाऊ लंगडा झालाय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी बोलेन अशा खात्रीने बघितलं. चालणारी चूक आणि उभी चूक ह्यांतला फरक त्यांनी मला समजावून सांगितला होता. तो आता मी, इंजिनियर मुलीने, ह्या लोकांना समजावून सांगायचा होता. एवढंच काम होतं. कारण मला अजून सापडलं नव्हतं, पण नानांचं बटण बरोबर होतं हे मला त्या क्षणी कळलेलं होतं.

"मी प्रोग्रॅम तपासून सांगते," मी म्हटलं.

नाना खाली बसले.

तपासायला मला दोन संध्याकाळी लागल्या. यंत्र दर सहा मिनिटांनी आकड्यात एक दशांश मिळवत होतं. तो दशांश मुळात पुरता बसत नव्हता, पण सुरुवातीला फरक इतका बारीक की दिसतच नाही. मात्र आकडा साठवायला जागा ठराविक असते. तास शेकड्यांनी, हजारांनी वाढत गेले, तशी मोठ्या आकड्याने जागा घेतली आणि अपूर्णांकाला जागा उरली कमी. मग प्रत्येक वेळी थोडं खाली कापलं जाई. पुढच्या टप्प्यात थोडं वर जोडलं जाई. आधी मागे, मग बरोबर, मग पुढे. मी कागदावर तारखा मांडल्या. नानांनी फोन केले त्याच तारखा. वीज जात होती तोवर आकडा कधी मोठा झालाच नव्हता. नाना दर वेळी बटण दाबून माझी चूक शून्यावर आणत होते.

मी ०.१ काढून ०.२५ लिहिलं. पाव तास. बाकी एक अक्षर बदललं नाही. पूर्ण दसरा ते शिमगा ते चालवून पाहिलं. एका क्षणाचाही फरक पडला नाही.

यंत्रात नवा प्रोग्रॅम घालायला मी गेले तेव्हा दामूशेठ तिथे होते. "सापडलं का, मॅडम?"

"हो. एक सेटिंग बदललंय. आता नीट चालेल."

"म्हणजे नानांचंच होतं ना?"

"तसंच काही नाही," मी म्हटलं. "आता पुन्हा बटण दाबायची गरज पडणार नाही."

मी खोटं एकही वाक्य बोलले नाही. दामूशेठनी त्यातून जे घ्यायचं ते घेतलं, आणि ते घेताहेत हे मला दिसत होतं. कंपनीत त्या महिन्यात माझ्या बढतीचा विषय होता, हे एक कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत आले. पण कंपनीला आमच्या खाडीशी काय करायचं होतं? बैठकीच्या दिवशी भाल्याची आई दारात बसली होती, आणि मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच खरं.

नानांना मात्र मी सांगितलं. वर्षभराने. ते ओसरीवर जाळ्याच्या शिसाच्या गोळ्या ओवत होते. मी सगळं सांगितलं: दहावा भाग, घड्या, कमी पडणारी जागा. ते हातातलं काम थांबवून ऐकत होते.

"म्हंजे उरत होतं."

"हो."

"आनि आता तू पाव तासानं मोजतेस."

"हो, नाना. पाव बरोबर बसतो त्याच्यात. यंत्रालाही पावकी येते."

ते हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. "अगं ऐकलंस काय?" त्यांनी आत हाक मारली. "तिच्या कॉम्प्युटरला पावकी येते! आपल्या बापाचीच शाळा!" बराच वेळ ते मान हलवत राहिले. मला वाटलं, झालं, सुटले मी.

मग त्यांनी विचारलं, "हे दामूला सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काशिनाथला?"

मी ओसरीच्या कडेला लागलेल्या मुंग्या बघत होते.

"च्या घेशील?" नाना म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता आत गेले. चहा आला तो यमुनाकाकींच्या हातून. नाना बाहेर आले नाहीत. काकींनी कप ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बैठकीपासून ते कोनाला पानी सांगत न्हाईत. विचारलं तरी न्हाय. मी विचारलं तरी न्हाय."

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाही. त्यांनी मला रस्त्यात कधी टाळलं नाही; "कधी आलीस?" एवढं विचारायचे. माझं वय त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

हे लिहून झाल्यावर मी आधी यमुनाकाकींकडे गेले आणि वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "खरं लिवलंस. ते होते तवा लिवायचं होतंस." मग, दामूशेठला दे, काशिनाथला दे, भाल्याच्या आईला मात्र स्वतः वाचून दाखव, तिला वाचता येत नाही, असं सांगितलं. उद्या मी तिच्याकडे जाणार आहे.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या मार्गशीर्षात. मला दिघीला जायचं होतं, सकाळची फेरी यायची होती. नाना जेट्टीच्या टोकाला पायरीवर उभे होते. थकले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, पाणी पोटऱ्यांना लागत होतं. काठी नव्हती, वही नव्हती. खांबावर फळीचे जुने खिळे गंजून राहिले होते आणि ते त्या खिळ्यांकडे बघत होते. एक लाट आली. दुसरी आली. तिसरी आली. त्यांचे ओठ हलले.

तेवढ्यात खालून एका होडीतून कोणीतरी हाक मारली. श्रीवर्धनकडचा माणूस असावा, इथलं काही माहीत नसलेला. "ओ बाबा, पट्टीवर पाणी किती आहे?"

नानांनी त्याच्याकडे बघितलं. आकडा त्यांच्या तोंडाशी आलेला मला दिसत होता. त्यांनी तोंड मिटलं, ओला हात वर केला आणि माझ्या बोर्डाकडे दाखवला.

होडीतला माणूस मान वर करून वाचू लागला. "सात पॉइंट पाच," तो मोठ्याने म्हणाला. "बरोबर ना, बाबा?"

नाना पायऱ्या चढून वर आले, लेंगा खाली सोडला, आणि गोदामाच्या वाटेने चालू लागले.